विजेनंतर सर्व्हर दिसेना

टेंभुर्णी, सोमवार, संध्याकाळ

दुपारी शेजारच्या लिंबावर वीज पडली, तेव्हापासून घरचा सर्व्हर नेटवर्कवर दिसून न्हाई राह्यला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांची मी रेकॉर्ड केलेली सगळी गाणी त्यातच आहेत. दुसरी कॉपी न्हाई. का न्हाई केली मी? राऊटर बदलला, वायर बदलली, तरी केबलजवळचा दिवा लागेना.

आमचे हे म्हणाले, "सर्व्हरला सरळ टीव्ही लावून पाह्यला का?"

लावला. फोल्डर उघडलं, वारलेल्या सखूमावशीचा आवाज आला. म्हणजे जळालं ते फक्त केबलचं पोर्ट. गाणं अर्ध्यात थांबवून आधी पेनड्राइव्ह लावला.

आता आभाळ पुन्हा गडगडून राह्यलंय. कॉपी निम्मीच झालीय.

"प्लग काढू का?" ह्यांनी विचारलं.

मी म्हणलं, "थांबा." बरोबर केलं का, कळत न्हाई.