ट्रुसबाईंच्या मुलीचा वाढदिवस

२ ऑगस्ट, शनिवार
पोचलो एकदाचे! शैलेंद्रचं ऑफिस युट्रेख्टला, तिथून ट्रेनने वीस मिनिटांवरचं हे जुनं गाव. कालव्याला लागून घर, तीन मजली, पण रुंदी जेमतेम एका खोलीएवढी. जिना इतका उभा की सोफा जाईना. मग सामान आणणाऱ्या माणसांनी छपराखालच्या हुकाला दोर लावून तो बाहेरून वर ओढला आणि खिडकीतून आत घेतला. ईशानी रस्त्यात उभी राहून टाळ्या पिटत होती. ऑक्टोबरात सात पूर्ण होतील, पण नाचणं चार वर्षांच्या पोरीसारखं.
शेजारच्या ट्रुसबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या. पंचाहत्तरी उलटली असेल, पाठ मात्र ताठ. नुसतं ट्रुस म्हण, असं तीनदा बजावलं. माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

१० ऑगस्ट
ट्रुसबाई मला इथल्या रीती शिकवतायत. दिवाणखान्याचे पडदे लावायचे नाहीत. लपवण्यासारखं काय आहे? कॉफीबरोबर बिस्किट एकच घ्यायचं. न कळवता कोणाकडे जायचं नाही. आणि वाढदिवस ज्याचा असेल त्याच्याबरोबर त्याच्या घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, आईचं, नवऱ्याचं, मुलांचंसुद्धा. ही रीत मला फार आवडली. मुलांच्या वाढदिवसाला आईची आठवण कोणाला असते आपल्याकडे!

२३ ऑगस्ट
ट्रुसबाईंचा वाढदिवस झाला. गोल मांडलेल्या खुर्च्या, गल्लीतली दहा-बारा माणसं, आणि येणारा प्रत्येक जण सगळ्यांशी हात मिळवत गोल फिरणार. ईशानी त्यांच्या अगदी शेजारी बसली होती. जो तो तिच्यापाशी आला की वाकून डचमध्ये म्हणायचा, "आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन." मला वाटलं, माझं डच कच्चं, ऐकण्यात चूक झाली असेल. शैलेंद्रही हसला. ईशानी मात्र गंभीरपणे प्रत्येकाशी हात मिळवत होती.
त्यांच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलंय. तीही इथली रीतच. ईशानीचा वाढदिवस लिहून ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "चौदा ऑक्टोबर ना? लिहिलेला आहे." जाऊन पाहिलं. त्या तारखेला फिकट शाईत एकच नाव होतं, लीस्ये. त्यांची मुलगी. सहा वर्षांची असताना कालव्यात बुडाली. पन्नास वर्षं झाली. मी बराच वेळ त्यांचा हात धरून बसले. तारीख एकच निघावी, काय योगायोग.

१० सप्टेंबर
शाळा दोनला सुटते आणि माझे ऑफिसचे कॉल तीनपर्यंत चालतात, म्हणून तासभर ईशानी ट्रुसबाईंकडे असते. भाषा काय पटापट उचललीय! शिक्षिका म्हणाल्या, तिचे शब्द ऐकून मला माझी आजी आठवते, हल्लीची मुलं असं बोलतच नाहीत. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. इथल्या आपल्या सगळ्या मुलांचं असंच होतं म्हणे.
काल ताटातल्या वरणभाताकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे काय आहे?

२४ सप्टेंबर
ईशानी म्हणून हाक मारली तर ती वळत नाही. लीस्ये म्हटलं की वळते.
ट्रुसबाईंना स्पष्ट सांगितलं, उद्यापासून ती तुमच्याकडे येणार नाही. त्या रागावल्या नाहीत. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "सगळ्या गल्लीने तिचं अभिनंदन केलं, तेव्हा तू समोरच होतीस, मीनल. तू नाही म्हणाली नाहीस."

२ ऑक्टोबर
शाळेत तिला आणायला गेले. माझ्याबरोबर सोडलं नाही. शिक्षिकेने अदबीने विचारलं, आपण कोण? यादीत आईचं नाव ट्रुसबाईंचं. तशीच नगरपालिकेत धावले. आमच्या पत्त्यावर दोनच माणसांची नोंद. तिचा पासपोर्ट घरात नाही. फोनमधल्या फोटोंत मी आणि शैलेंद्र, मध्ये मोकळी जागा. पोलीस आले, ट्रुसबाईंकडे कॉफी प्यायले, एकेक बिस्किट खाल्लं आणि गेले.

६ ऑक्टोबर
शैलेंद्र हळू आवाजात बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसं. "मीनल, आपण दोघंच आलो गं." वरच्या खोलीत तिचा पलंग नाही. इस्त्रीचं टेबल आहे. पुण्याला आईला फोन केला. तिने विचारलं, कोण मुलगी? मग म्हणाली, तू थोडे दिवस इकडे ये, आराम कर.

१० ऑक्टोबर
रस्त्यावरून दिसते ती. ट्रुसबाई तिची वेणी घालतात. भांग चुकीचा पाडलाय. तिला मधला भांग चालत नाही, मी नेहमी —
दार वाजवलं. न कळवता आलीस, म्हणाल्या. दार लावून घेतलं.

१३ ऑक्टोबर
मागची पानं उघडली. नाव आहे तिथे, माझ्याच अक्षरात. वाचता येतं. पण वही मिटली की जातं. दुसऱ्या कोणाच्या मुलीचं असावं तसं.
आठवतंय तेवढं लिहून ठेवते. जन्मली पहाटे — नाही, दुपारी. हनुवटीखाली टाक्यांची खूण. झोपताना माझं कानातलं मुठीत धरायची. डाव्या — उजव्या? धरायची. हे खरं आहे. हे मी —

१४ ऑक्टोबर
वही घेऊन खिडकीत बसलेय. शेजारच्या दारासमोर खुर्च्या मांडून झाल्या. गल्ली जमतेय. शैलेंद्रही गेला, फुलं घेऊन. मला चल म्हणाला. गेले तर मलाही म्हणावं लागेल — ट्रुसबाईंना — मुलीबद्दल अभि — नाही. नाही म्हणणार.
हाक मारायची. सगळ्यांसमोर. एकदाच.

दारात आली ती. निळा फ्रॉक. वर बघितलं. शेजारणीकडे बघतात तसं.
खिडकी उघडली. ओरडले. अगं —
सगळे थांबलेत. वर बघतायत. तीही. वाट बघतेय, मी पुढे काय म्हणते. वही चाळतेय, नाव, कुठल्या पानावर — हे — नाही, हे कोण —
ती आत वळतेय —
अगं —