सत्तर पावलांवरचे हरिण

८ नोव्हेंबर
सिद्ध करायचे ते एवढेच: अर्धांगाच्या झटक्यातून उठलेला माझा धाकटा भाऊ लमार, योग्य गोळी आणि योग्य बारूद मिळाल्यास, सत्तर पावलांवरचे हरिण एका बारात पाडू शकतो. त्याची बायको व्हर्ना हे मानत नाही. तिची अट स्पष्ट आहे: "भावोजी, एक जरी जनावर जखमी होऊन पळालं, तर बंदूक भिंतीवर. कायमची." मी अट स्वीकारली. जन्मभर वकिली केली. पुरावा कसा उभारतात ते मला कळते.

१५ नोव्हेंबर
लमारची ठासणीची बंदूक कोठारामागे टेकूवर बसवली. चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी, की लांबट जड गोळी? तो म्हणतो गोलच — बाप तीच वापरायचा. हा युक्तिवाद नव्हे.
तेल दिलेल्या स्वच्छ नळीचा पहिला बार भरवशाचा नसतो. तो मी मातीच्या बांधात उडवतो. नळी बारुदाने काळवंडली की पुढचे बार कागदी लक्ष्यावर, आणि मोजणी सुरू.

२३ नोव्हेंबर
लांबट गोळी, ऐंशी ग्रेन बारूद. कागदावरची सगळी छिद्रे एका बशीखाली झाकली गेली!

६ डिसेंबर
लमार आला. पहिला बार नेहमीप्रमाणे मी मातीत काढला, पुन्हा ठासून बंदूक त्याच्या हाती दिली. डावा हात थरथरतो. बेचक्याच्या काठीवर नळी टेकवली. सगळ्या गोळ्या कागदावरच्या वर्तुळात.
"कागद पळत नाही म्हणून बरंय, वकीलसाहेब."
पण गाडीत बसताना शीळ घालत होता. झटक्यानंतर प्रथमच.

२६ डिसेंबर
उद्या शिकारीचा हंगाम उघडतो. नळी आतून लख्ख करून तेल द्यायला लमारला बजावले. टेकडीवर बर्फ.

२७ डिसेंबर
ओढ्याकाठी हरिणाची मादी उभी राहिली, सत्तर पावलांच्या आतच. लमारने घाई केली नाही. धूर निवळला तेव्हा ती तीन पायांवर चढण चढत होती. उजेड असेपर्यंत रक्ताचा माग काढला — ओढ्यापलीकडे तोही संपला.
लमार बर्फात बसला, डावा हात उजव्याने दाबून धरलेला.
"तुझी गोळी चांगली होती, क्लेम. माझाच हात गेला."
पुराव्यावरून तोच निष्कर्ष निघत होता.

३० डिसेंबर
बंदूक भिंतीवर गेली. खिळा लमारनेच ठोकला, म्हणे. व्हर्नाने मला कॉफी दिली. अटीचा उल्लेखही केला नाही.

३ जानेवारी
बंदूक मागून आणली. तेल दिलेली स्वच्छ नळी, टेकू, माझा हात — पहिला बार आज कागदावर. नेमापेक्षा वीतभर खाली. नळी धुतली, तेल दिले, पुन्हा पहिला बार. वीतभर खाली.
जंगलात मिळतो तो पहिलाच बार. तोच मी दरवेळी मातीत घातला आणि पुराव्यातून वगळला. त्याचा हात ठीक होता. चूक माझी.
बंदूक परत द्यायला निघालो आहे. हे त्या दोघांसमोर बोलायचे आहे.
— क्लेमंट शूप