एका नंबरच्या दोन ओळी

३ डिसेंबर, मंगळवार
सगळंच्या सगळं गुलाबी झालं! समाजाचा वधू-वर परिचय मेळावा पंधरा तारखेला. मंडळाचे सचिव योगराजभाऊ यांनी यादीची फाइल पाठवली. सहाशे बारा नावं. दोनदा आलेले फॉर्म शोधून जादाचा काढायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून काम माझ्या गळ्यात. भाऊ फोनवर सांगत गेले — रकाना निवड, कंडिशनल फॉरमॅटिंग, मग डुप्लिकेट; दोनदा आलेलं ते गुलाबी होतं. केलं. वरून खालपर्यंत गुलाबी. सहाशे माणसं काय दोनदा फॉर्म भरतील?

४ डिसेंबर
गावाचा रकाना निवडला होता मी. जामनेर, जामनेर, मुक्ताईनगर, जामनेर — गुलाबी होणारच! मोबाईलचा निवडायचा होता. आता अठराच ओळी, म्हणजे नऊ जोड्या. पण आधीचीही रंगते, नंतरचीही. ठेवायची कोणती?

५ डिसेंबर
भाऊंनी आणखी एक नियम घालायला लावला. पस्तिशीच्या पुढचं वय पिवळं — ते सगळे दुपारच्या सत्रात. घातला, तर माझंच वय पिवळं. सदतीस. फॉर्म दरवर्षी आबा भरतात, स्थळं दरवर्षी मी नाकारते. आई गेल्यापासून आबा एकटे, वडिलांना सोडून कशी जाऊ — हे आता सगळ्यांना पाठ आहे.
माझ्या ओळीत, ११८ मध्ये, नंबर आबांचा आहे. तोही गुलाबी! तोच नंबर खाली ४०२ ला. दोनदा भरला असणार त्यांनी. विसरतात हल्ली. उद्या एक काढते.

६ डिसेंबर
४०२ ला नाव माझं नाही. उखर्डू नामदेव चौधरी. वय त्रेसष्ट. विधुर. एसटीतून निवृत्त.
म्हणजे आबाच.
कुणी चेष्टा केली असेल का? ओळ उडवली. परत आणली. परत उडवली.

९ डिसेंबर, सोमवार
मंडळात जाऊन मूळ कागद काढला. अक्षर आबांचंच — मोठं, तिरकं, डेपोच्या वहीत तीस वर्षं लिहिलेलं. अपेक्षांच्या रकान्यात एवढंच, 'बोलकी असावी.' मी बोलकी नाही. आमच्याकडे जेवताना टीव्ही बोलतो. राग आला की लाज वाटली, कळेना. घरी आले आणि नेहमीसारख्या पोळ्या केल्या.

१० डिसेंबर
विचारलं. शब्द मिळेनात म्हणून भाऊंची मूळ फाइल उघडून लॅपटॉपच त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग शेंगा सोलत म्हणाले,
"तू मले सोडून जात नाही, चारू. मग म्हटलं मीच जातो."
"माझ्यासाठी?"
बऱ्याच शेंगा सोलून झाल्या.
"अर्धं तुह्यासाठी. अर्धं माह्यासाठी."
मी टरफलं भरून टाकायला उठले.

११ डिसेंबर
४०२ पुन्हा घातली. भाऊंना कळवलं — नंबर एक, माणसं दोन. त्यांनी विचारलं, उरलेल्या आठ जोड्यांनाही फोन करशील का? आपण न विचारताच काढायला निघालो होतो.

१५ डिसेंबर, रविवार
मेळावा. दुपारच्या सत्रात आबा माईकवर बोलले. काय बोलले ते नीट ऐकू आलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या एक बाई खळखळून हसल्या. दोंडाईचाच्या द्रौपदाबाई, अंगणवाडीतून निवृत्त. आबा कुणाला हसवू शकतात? मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा यंदा मीही उठले. दरवर्षी चहाच्या टेबलामागे असते.

१२ जानेवारी
आबांचं द्रौपदाबाईंशी ठरलं. मार्चमध्ये. राहणार दोंडाईचालाच, त्यांच्या घरी. मला तीनदा विचारलं, चालेल ना? तिन्ही वेळा मी हो म्हणाले. खोटं नव्हतं. पण पूर्ण खरं होतं का?

१९ जानेवारी, रविवार
धुळ्याचं स्थळ. मेळाव्यातच पाहिलं होतं म्हणे मला. माणूस समजूतदार, बोलणं नीट, घरचेही बरे. मी नाही म्हणाले. आजवर देत आले ते कारण आता राहिलं नाही — तरीही नाही म्हणाले, फक्त मला नको म्हणून. आणि किती हलकं वाटलं!