खाऱ्या पाण्याचं अंग

ता. जळगाव जामोद,
५ जानेवारी २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुझे बाबा तर फोनवर सगळं मजेतच सांगतात, म्हणून लिहिते. त्यांचं अंग इतकं कोरडं पडलंय की नख ओढलं तर पांढरी रेघ उठते. सदऱ्यातून कोंडा झडतो. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे असतात. धाकटा गोकुळ म्हणतो, बाबांना म्हशीची सवय लागली. ते म्हणतात, थंडी आहे, एवढं काय त्यात.

आपल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. मग फेस येईस्तोवर वडी घासायची, वर कढत पाणी, आणि नंतर सरकीचं तेल. तू तिकडे औषधाच्या दुकानात असतेस, काही तरी सुचव.
तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
आई

पुणे, १४ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. म्हशीचं वाचून दुकानात एकटीच हसले. बाबांना सांग, फेसाचा नाद सोडा. साबण काखा-जांघांपुरताच, बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी. अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच सोबतचं मलम लावायचं, म्हणजे ओलावा आत टिकतो. शिवाय पाणी भरपूर प्यायला लाव. थंडीत ते पाण्याला शिवत नाहीत. मला मे महिन्यात सुटी आहे, तेव्हा येतेच.
तुम्हा दोघांचा आशीर्वाद असाच राहो.
तुझी राखी

ता. जळगाव जामोद,
२० फेब्रुवारी

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. अंग मऊ झालं, रेघ उठत नाही. मलम मीच लावते. लग्नानंतर एवढा हात तू माझ्या पाठीवर कधी फिरवला नाही, असं म्हणून मला चिडवतात. पण खाज तशीच आहे. म्हणतात, अंदरून खाजवते, तू वरून काय लावतं?

पाण्याचं मात्र त्यांनी फार मनावर घेतलंय. खाज सुटली की तांब्याभर पाणी, तेही विहिरीचंच, कारण नळ आठवड्याने येतो. जेवण जात नाही. पाय सुजलेत, बोटाने दाबलं तर खळगा राहतो. त्यावर म्हणतात, पोरीचं औषध लागू पडलं, अंगात पानी भरून राह्यलं.
आमची काळजी करू नकोस, आठवण ठेव.
आई

पुणे, २६ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि. बाबांना जास्तीचं पाणी पाजणं आजच थांबवा. ही नुसती कातडीची खाज नसावी. किती प्यायचं ते आता डॉक्टरच सांगतील. गोकुळला फोन केलाय, तो त्यांना खामगावला नेऊन रक्त-लघवी तपासून आणेल. बाबा नाही म्हणाले तरी ऐकू नका.
माझ्यावर माया असू द्या.
राखी

ता. जळगाव जामोद,
२ एप्रिल

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन्ही किडन्या गेल्या, हे गोकुळने तुला सांगितलंच आहे. डॉक्टर म्हणाले, आजार जुना आहे, या खाऱ्या पाण्याच्या गावांतून असे रुग्ण फार येतात, जास्तीच्या पाण्याने फक्त सूज वाढली. तेव्हा तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

डायलिसिसला काही खेपा नेलं. परवा गोकुळने गाडी काढली तर ते खाटेवरून उठलेच नाहीत. म्हणाले, थे मशीन रगत धुऊन देते, घरी येऊन मी पुन्हा थेच खारं पानी पेतो, कितीक खेप धुवान? गोकुळ आता कॅनचं पाणी आणतो, त्यालाही म्हणाले, आता काऊन आनतं बे? तुझे उकंडराव मामा समजावून थकले. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. त्यांनी मला हाताने घास भरवला, पण गाडीत काही बसले नाहीत.

मेच्या सुटीचं राहू दे. अजून ते उशीला टेकून बसतात, बोलतात. तेवढ्यात ये.
तुझ्या मायेचीच भुकेली,
आई