दुसऱ्या वेलांटीचा बळी

चि. भाचीबाईस,

मामाचे आशीर्वाद. (एरवी अनेक असतात, या खेपेला मोजकेच पाठवतो आहे. कारण पुढे येईल.) तुझी तब्येत, तुझा नवा चष्मा आणि जावईबापूंची पाठ ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. माझी विचारशील तर रक्तदाब वर आहे, आणि तो तू पाठवलेल्या लॅपटॉपमुळे वर आहे. ते यंत्र परत घेऊन जा. येताना मोठी पिशवी आण, त्याच्या वायरी पुष्कळ आहेत.

आमचा शनिवारचा खेळ तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण मागच्या वेळी फोनवर तू 'हो हो' म्हणत भांडी घासत होतीस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारा. इथं दरी आहे, तिथं पूल तुटलाय, पुलापलीकडे राक्षस जेवायला बसलाय, हे मी सांगायचं. बाकीचे तिघं एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरतात, काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी चोर होतात (इतका भित्रा चोर जगात दुसरा नसेल). छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासलेले प्रूफवाले सेनापती होतात. आणि मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर होतात रानावनात हिंडणारी धनुर्धारी. सिस्टरांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, जिना चढताना त्या तीनदा थांबतात. पण एकदा खुर्चीत बसल्या की गेली चार वर्षं दर शनिवारी त्यांनी कडे सर केले आहेत, पुराच्या नद्या पोहून पार केल्या आहेत. ते बघायला मिळावं म्हणूनच मी गोष्ट सांगतो, असं म्हटलंस तरी चालेल. (त्यांना मात्र सांगू नकोस.)

आता तुझं यंत्र येण्याआधी काय वाईट चाललं होतं, ते मला कुणीतरी समजावून द्यावं. माझ्या सात वह्या होत्या. नकाशे मी हातानं काढायचो. भूमापन कचेरीत एकतीस वर्षं ट्रेसिंग केलेल्या माणसाचे नकाशे ते, त्यातली नदी पाहिली तरी पाय ओले व्हायचे. आणि प्रत्येक दारावर, विहिरीवर, शिळेवर मी रचलेली एखादी ओळ असायची, तिच्यात पुढच्या वाटेची खूण. तुला माहीतच आहे, शाळेत आमच्या गुरुजींनी बाकावर पट्टी ठोकून लगागा लगागा (एक ऱ्हस्व, दोन दीर्घ) शिकवलं, ते माझ्या अंगातून काही गेलं नाही. अजून दात घासताना ब्रश भुजंगप्रयातात चालतो. (त्या वर्गाच्या खिडकीबाहेर एक झाड होतं. त्याची सावली फळ्यावर हलायची आणि गुरुजी डस्टर घेऊन ती पुसायला जायचे. असे तल्लीन गुरुजी आता कुठे. असो.)

पण प्रूफवाल्यांना घाई. राक्षसाला किती मार बसला हे शोधायला मला वही चार आणि वही सहा दोन्ही उघडाव्या लागतात, तोवर राक्षस म्हातारा होऊन मरतो, असं ते तुझ्यादेखत म्हणाले. तू लगेच मान डोलावलीस आणि आठवड्याच्या आत खोकं माझ्या दारात. यात नकाशा आहे, फासे आहेत, हिशेब ते स्वतः ठेवतं, मामा तुम्ही फक्त बोला, असं तू म्हणाली होतीस. पहिल्याच शनिवारी घड्याळजींनी ते भिंतीवरच्या टीव्हीला जोडलं आणि नकाशाबरोबर माझी खाजगी टिपणंही सगळ्यांसमोर झळकली. 'इथं घड्याळजी घाबरतील,' असं एका टिपणात होतं. घड्याळजींनी ते मोठ्यानं वाचलं आणि मग घाबरायला साफ नकार दिला. तरी मी तुला एका अक्षरानं बोललो नाही.

गेल्या शनिवारी मात्र कडेलोट झाला, आणि तो शब्दशः झाला. गोष्टीत एक अंधारी दालन होती, म्हणजे दालन होतं (बघ, संतापात लिंग चुकायला लागलं). त्यात फरश्यांच्या बारा जोड्या, प्रत्येक जोडीत एक काळी, एक पांढरी. दारावर बारा अक्षरांची ओळ. ऱ्हस्व अक्षराला काळ्या फरशीवर पाय द्यायचा, दीर्घाला पांढऱ्या. चुकलं की खाली दरी. हे कोडं रचायला मला अकरा दिवस लागले. ओळ अशी: 'जुनी मूर्ति पाहे तुझी वाट दारी'. म्हणून बघ, पाण्यासारखी वाहते. 'मूर्ति'ला पहिली वेलांटी, म्हणून चौथी फरशी काळी.

ओळ टीव्हीवर दिसत होती. मी टीव्हीकडे पाठ करून, डोळे मिटून ती म्हणत होतो. सिस्टर एकेक पाऊल टाकत होत्या. जु काळी, नी पांढरी, मूर् पांढरी, ती पांढरी. मी डोळे उघडून पडद्याकडे वळलो. तुझ्या यंत्रानं माझ्या 'मूर्ति'ची दुसरी वेलांटी करून ठेवली होती. मी तोंड उघडेपर्यंत घड्याळजींनी माउसनं सिस्टरांना पुढे सरकवलं होतं, यंत्रानं आपणच फासे टाकले होते (दरीची खोली तीनशे फूट मीच भरली होती, सहज), आणि त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत आलं, मृत.

मी म्हटलं, मी तर स्पष्ट ऱ्हस्व म्हटलं होतं. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "कविराज, तुम्ही म्हणताना सगळंच लांबवता. मी पडद्यावरचं धरलं." चार वर्षं ज्यांनी माझा आवाज ऐकला त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवावा, याचं मला किती लागलं ते लिहीत नाही. प्रूफवाले म्हणाले, शेवटची वेलांटी दुसरीच, यंत्र बरोबर आहे. मी म्हटलं, अहो, कवितेत वृत्तासाठी पहिली चालते. "चालते ना," ते म्हणाले, "पण बाई पडली."

मग मी म्हटलं, ठीक आहे, हे झालंच नाही असं समजू, सिस्टरांनी एक फरशी मागं यावं. तेव्हा सिस्टरांनी पर्स मिटली. म्हणाल्या, "वॉर्डात अडतीस वर्षं काढली. गेलेल्याला मागं घेता येत नाही. निदान इथं तरी खोटं नको." आणि जिना उतरून गेल्या, एकदाही न थांबता. उरलेल्या दोघांनी तिथंच ठरवून टाकलं की येत्या शनिवारी सूत्रधार कोण, याचा निकाल लावायचा. भाचीबाई, ती खुर्ची गेली तर शनिवारी मी कुठे जायचं? घरात बोलायला एक फ्रिज आहे, तोही अधूनमधून थांबतो.

तेव्हा तू एक सहीचं पत्र पाठव. तू संगणकातली शिकलेली, तुझं ते मानतील. मजकूर एवढाच, की हे यंत्र माणसाला न विचारता परस्पर वेलांट्या बदलतं आणि मामांचा यात काडीचा दोष नाही. पत्र आधी पाठव, यंत्र नंतर ने.

तुझा (अजूनही),
मामा

ता. क. त्यानं विचारलं होतं, हे लिहायचं राहिलं. 'मूर्ति'खाली लाल रेघ आली आणि बारीक अक्षरांत काहीतरी विचारून 'होय' असं बटण आलं. मला वाटलं, शब्द आवडलाय, ठेवू का म्हणतंय. मी कौतुकानं होय दाबलं. चष्मा दुसऱ्या खोलीत होता. तुझ्या पत्रात 'न विचारता'ऐवजी 'फार हळू विचारून' असं घाल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच सिस्टरांचा फोन आला. रागबिग काही नाही. शनिवारी येताहेत, आणि यापुढे सूत्रधार त्याच. बाकी दोघांनी कालच होकार दिलाय. लॅपटॉप त्यांना लागणार आहे, तेव्हा पिशवी आणू नकोस. मलाही एक पात्र मिळालंय. वेशीवरचा पहारेकरी, अंगानं धिप्पाड, हातात भाला, जन्मापासून मुका. मुका कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, चार वर्षं तुम्हीच बोलताय, जरा विश्रांती घ्या. सिस्टर तुझं ऐकतात. खुर्चीचं काही काढू नकोस, पत्रही नको. फक्त एवढं विचार, की त्या पहारेकऱ्याला मरताना तरी एक ओळ बोलता येईल का. बाराच अक्षरं. वेलांट्या त्या म्हणतील त्या.