चौकटीवरची डबी

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
मुलींचं हॉस्टेल, इंग्लंड
२९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू लावत नाहीस, म्हणून हे पत्र. खालच्या मेडिकलवाल्या शरणबसवमामांच्या मोबाईलवर याचा फोटो पाठवते. ते छापून वर आणून देतील. तूही लिहून त्यांच्याकडंच दे.

मी बरी आहे. जेवते, लेक्चरला जाते. पण आत्या, दिवस-दिवस माझं नाव कुणी घेत नाही गं. बाळीवेशीत गल्लीतनं निघालं की चार जण विचारतात, कुठं निघालीस म्हणून. तेव्हा किती वैताग यायचा. इथं मागच्या शनिवार-रविवारी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, आणि सोमवारी दुकानात थँक्यू म्हणायला गेले तर आवाजच फुटेना.

सांगणार नव्हते, पण सांगते. मंगळवारी माझ्या दारावर कुणीतरी मार्करनं लिहिलं की तुझ्या देशात परत जा, तुझा वास येतो. मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात तक्रार दिली. तिथल्या बाई गोड हसल्या, म्हणाल्या की पुरावा नाही तर कुणाला धरणार. अन् पुसायला स्पिरिटची बाटली दिली.

पुसत होते तेव्हा शेजारच्या खोलीतली मिरियम फडकं घेऊन आली आणि पुसायला लागली. ती ज्यू आहे. तिच्या दाराच्या चौकटीला बोटाएवढी एक डबी तिरकी बसवलेली आहे. येता-जाता ती डबीला हात लावून बोटं ओठांना लावते, आपण उंबऱ्याला करतो तसं. माझ्या गळ्यातली चांदीची करडगी बघून तिनं विचारलं की यात काय. मी म्हटलं, माझं लिंग, माझा देव. ती म्हणाली की तुझा देव गळ्यात, माझा दारात. लई हसलो दोघी. इथं आल्यापासून पहिल्यांदा.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच ठेव.
तुझी,
शिवलीला

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
बाळीवेस, सोलापूर
१ ऑक्टोबर २०२४

चि. शिवलीला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. वास येतो म्हणे! आंघोळ करून, कपाळाला इबत्तीचं भस्म लावून कॉलेजला जाणारी माझी पोर. त्या मेल्याला माझ्यासमोर आणा, असा कान पिळते की मार्कर धरायचा विसरेल. तीस वर्षं शाळेत कान पिळलेत, हात अजून गेला नाही.

पण उगीच तिकडच्यांनाच नावं कशाला ठेवू? आपल्या बिल्डिंगीत मणिपूरच्या दोन नर्सा राहायला आल्यात. जिन्यात पोरं त्यांना बघून डोळे बारीक करून दाखवतात. मी सेक्रेटरी धोंडप्पाला सांगायला गेले तर म्हणतो, जाऊ द्या की बाई, पोरंच ती. मागं त्याच्या स्कूटरवर ओरखडा निघाला तेव्हा दोन दिवसांत मीटिंग लावली होती की यानं! मी तसं तोंडावर बोलले. आता जिन्यात भेटला की मान खाली घालून जातो.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते. त्या मिरियमला दे. चटणी तिखट लागली तर माझं नाव सांग.

घर लई मोठं वाटतं गं. तुझ्या खोलीतला पंखा मी उगीच लावून ठेवते. अभ्यास कर, आणि आत्याची आठवण असू दे.
तुझी,
दाक्षायणीआत्या

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
१५ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला बहुतेक इथनं काढून टाकतील.

मिरियम तिच्या मोठ्या उपासाच्या सणाला घरी गेली होती. मी सकाळी बाहेर आले तर तिची डबी कुणीतरी उपटून कॉरिडॉरात टाकलेली. मुली तिच्यावरून पाय टाकून ब्रेकफास्टला चालल्या होत्या. मला काही सुचेना. आपल्यात लिंग खाली पडलं तर काय करतात तेच डोक्यात आलं. मी ती पदरात घेतल्यासारखी ओढणीत उचलली, खोलीत आणली, नळाच्या पाण्यानं धुतली, वर पाणी घातलं, इबत्ती लावली आणि माझ्या देवाजवळ स्वच्छ फडक्यावर ठेवली. मिरियम येईपर्यंत जेवायचं नाही असं ठरवलं.

डबी उपटलेल्या चौकटीचा फोटो कुणीतरी ऑफिसला पाठवला होता. तासाभरात कुलगुरूंचा मेल सगळ्यांना, की अशा द्वेषाला इथं थारा नाही. बरोबरच आहे की, तसा मेल यायलाच हवा. पण खरं सांगू? माझ्या दारासाठी स्पिरिटची बाटली आणि तिच्या दारासाठी कुलगुरू. असं मनात आलं याचीच मला नंतर लाज वाटली.

दुपारी सिक्युरिटीवाले खोल्या बघायला आले आणि डबी माझ्याकडं सापडली. राखेनं माखलेली, ओली. मी काय सांगायचं? माझं इंग्रजीच पळालं. चोरी आणि विटंबना, असा आरोप आहे. तीन आठवडे माझी तक्रार कुणी हलवली नाही, आणि माझ्यावरची चौकशी दोन दिवसांत उभी राहिली.

सगळ्यात वाईट पुढंच आहे. त्या डबीच्या आत कातड्यावर शाईनं हातानं लिहिलेली प्रार्थना असते. मला काय माहीत गं! पाण्यानं अक्षरं फुटली. ती तिच्या आजोबांकडून आलेली होती. मिरियमनं उघडून पाहिलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.

एकवीस तारखेला समितीपुढं बोलावलंय. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
शिवलीला

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
बाळीवेस, सोलापूर
१६ ऑक्टोबर २०२४

चि. शिवलीला हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं यवगे! चोर सोडून संन्याशाला फाशी! शरणबसवानं वाचून दाखवलं असतं तर कान गेल्याचं बरं वाटलं असतं, पण डोळे अजून धड आहेत ना. रात्रभर रडले. आता पुसलं तोंड आणि लिहायला बसले.

समितीपुढं काय बोलायचं ते नंतर बघू. आधी त्या पोरीकडं जा. उपटली तू नाहीस हे खरं, पण पाणी तू घातलंस, अक्षरं तुझ्या हातनं गेली. हेतू चांगला होता म्हणून तिच्या आजोबांची शाई परत येणार आहे का? मग हेतू आधी सांगू नकोस. नुकसान आधी सांग. आणि कुलगुरूंच्या मेलचा हिशेब तिच्या दारात मांडू नकोस. तिच्यावर कुणी उपकार केलेला नाही.

काढलं तर काढू देत. सोलापूर कुठं पळून चाललंय? ये निघून. पण तिला न सांगता आलीस तर मात्र मी तोंड बघणार नाही. आहे ती माया आहेच, ती कुठं जात नाही.
तुझी,
दाक्षायणीआत्या

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. मी एक पणती लावली होती, तर धुराचा अलार्म वाजेल म्हणून वॉर्डननं विझवायला लावली.

तू सांगितलंस तशी गेले. मिरियमनं दार उघडलं नाही. मग मी बंद दारालाच सांगितलं, जेवढं इंग्रजीत येत होतं तेवढं. की पाणी मी घातलं, अक्षरं माझ्यामुळं गेली, मला माफ कर. आमच्यात देव जमिनीवर पडला तर उचलून काय करतात तेही शेवटी सांगितलं. मी परत आले.

एकवीस तारखेला समितीपुढं ती आपणहून आली. म्हणाली की माझी हिच्याविरुद्ध तक्रार नाही आणि तशी मी कधी दिलीही नव्हती. मला न विचारता ती तुम्हीच लिहिलीत. सगळा मजला डबीवरून चालत गेला आणि हिनं ती उचलून आपल्या देवाजवळ ठेवली. हिचं पाणी मी सोसेन, पण चालून गेलेल्यांचं काय, ते सांगा. मेल पाठवल्यापासून कॉरिडॉरात मिरियमशी कुणी बोलत नव्हतं म्हणे. तुमच्यापैकी एकानंही माझं दार ठोठावलं नाही, असं ती त्यांना म्हणाली. समितीवाले पाणी पीत राहिले.

मला काढलं नाही. आरोप मागं घेतला. फक्त दुसऱ्यांच्या धर्माचा मान कसा ठेवावा याच्या शिबिराला मला बसवलं. मी एकटीच होते शिबिरात. डबी उपटणारा सापडला नाही. माझ्या दाराची तक्रार पुराव्याअभावी बंद केल्याचं कळवलंय.

मिरियम गुरुवारी गेली. तिचे आईवडील गाडी घेऊन आले होते, आता ती घराजवळच्या कॉलेजात शिकेल. जाताना तिनं मला घट्ट मिठी मारली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सोडली. तिच्या आईनं मात्र माझ्याकडं पाहिलं नाही. मी तिला दोष देत नाही.

आज सकाळी एक माणूस शिडी घेऊन आला आणि कॉरिडॉरात कॅमेरा बसवून गेला. मिरियमच्या दारावर रोखून. मी त्याला म्हटलं की ती खोली रिकामी आहे, थोडा वळवला तर माझं दार येईल त्यात. तो बिचारा चांगला होता. त्यानं खिशातला कागद काढून पाहिला आणि म्हणाला की त्याला एकाच दाराचं काम दिलंय.

पत्र लवकर धाड. तुझी माया तेवढी इथपर्यंत येते, ती येत राहू दे.
तुझी,
शिवलीला