पोरीचे मार्क

३ जून, मंगळवार
सुनेनं युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकात नेलं. तिथे शिकाऊ मुलं लोकांच्या मनावर हात साफ करून घेतात. मला काही झालेलं नाही. आमचे हे गेल्यापासून झोप येत नाही, पण ते गादीमुळे. माझ्या वाट्याला आलेली पोरगी इतकी घाबरलेली की मीच तिला पाणी दिलं. आधी टॅबवर प्रश्न. झोप लागत नाही का, उदास वाटतं का, जगणं नको वाटतं का. शून्य ते तीन मार्क. पोरीची परीक्षा असणार, बिचारी. सगळीकडे तीन दिले. हात आखडता घेणाऱ्यांतली मी नव्हे.

संध्याकाळी
तीन म्हणजे सगळ्यात वाईट! आधी सांगायला तोंड दुखलं होतं का? मुलाला ऑफिसातून बोलावलं. घरातल्या सुऱ्या लपवल्यात. भाजी काय दातांनी चिरू? पोरीला तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाई सगळ्यांदेखत बोलल्या. माझ्यामुळे.

१० जून
निस्तरायचं ठरवलंय. एकदम शून्य नको, संशय येईल. हळूहळू उतरवायचं. पोरीनं श्वास मोजायला लावला. मोजता मोजता ह्यांचं घोरणं आठवलं. डोळ्यांत कचरा गेला म्हटलं. बाकी तासभर मध्ये न बोलता ऐकते हो पोरगी. घरी एवढं बोलले असते तर टीव्हीचा आवाज वाढला असता.

१७ जून
झोपेला एक मार्क दिला. काल रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण पोरगी हसली.

२४ जून
टॅबवरची माझ्या मार्कांची रेघ घसरगुंडीसारखी खाली आलीय. मोठ्या बाईंनी ती वर्गात दाखवली म्हणे. पोरगी म्हणते, श्वासाचा उपाय लागू पडला, आता सगळ्या पेशंटना तोच देणार. एखाद्याला खरंच जगणं नको झालं असेल, तोही बसेल श्वास मोजत? पुढच्या मंगळवारी खरं सांगायचं. नक्की.

१ जुलै
सांगायलाच गेले होते. तीच आधी म्हणाली, आजी, तुम्ही बऱ्या झालात, आज शेवटचा दिवस, जागा दुसऱ्यांना द्यायची. वर म्हणाली, पहिल्या दिवशीच कोर्स सोडणार होते, तुमच्या रेघेमुळे थांबले. छान म्हटलं. बाहेर पायरीवर बसून राहिले. सुनेला सांगितलं, गुडघा धरलाय.

५ ऑगस्ट
क्लिनिकचा फोन. नंतर विचारपूस करायची त्यांची पद्धत आहे. पोरगीच होती. आता तिच्याकडे आणखी पेशंट आहेत, सगळे श्वास मोजतात. आज मात्र सगळं सांगायचं ठरवून खुर्ची ओढून बसले. तिनं एकेक प्रश्न विचारला. शून्य म्हटलं. शून्य. शून्य. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, आजी, हे सोडा, अजून काही बोलायचंय का, मला वेळ आहे.
नको गं, म्हटलं, गॅसवर दूध आहे.
गॅसवर काही नव्हतं.